पुण्यातली चर्च: पेठेतली, कॅम्पातली आणि आता पिंपरी-चिंचवडची

नानापेठी

इंग्रजांनी पुणे घेतलं १८१७ च्या नोव्हेंबरात. पुण्यातलं पहिलं चर्च त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं, आणि त्याला जागा दिली पेशव्यांनी. क्वार्टर गेटचं सिटी चर्च. कागदोपत्री नाव बरंच लांब आहे, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचं, पण रिक्षावाल्याला 'सिटी चर्च' सांगितलं की पुरतं. सवाई माधवरावांच्या फौजेत गोव्याकडचे बरेच कॅथलिक शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्यातला डॉम मिगेल द नोरोन्या हा अधिकारी दरबारात शब्द टाकण्याइतका वजनदार असावा. १७९२ साली जागा मिळाली, आधी साधं मातीचं बांधकाम झालं. आजची इमारत १८५२ ची.

हा धागा काढायचं कारण असं की परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी ठासून सांगितलं, "पुण्यात चर्च म्हणजे कॅम्प, आणि कॅम्प म्हणजे इंग्रज." अर्धं शहर असंच समजतं. माझं म्हणणं असं की पुणं कसकसं वाढलं हे बघायचं असेल तर इथली चर्च क्रमानं बघत जावीत. कोण माणसं कधी आली, कुणाच्या चाकरीत आली, कुठं राहायला मिळालं, सगळं त्यात दिसतं. आणि एकट्या इंग्रजांची गोष्ट तर ती अजिबात नाही.

सिटी चर्चची जागाच बघा. नाना फडणवीसांनी वसवलेल्या नाना पेठेच्या कडेला. तेव्हा हे गावाचं पूर्वेकडचं टोक. पुढं कॅम्प झाला तो याच्या पलीकडं. म्हणजे आज आपण ज्याला पेठ आणि कॅम्प यांची सीमा म्हणतो, त्या सीमेवर हे चर्च सीमा आखली जाण्याआधीपासून उभं आहे.

इंग्रजांचं पहिलं मोठं चर्च म्हणजे कॅम्पातलं सेंट मेरीज. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचं. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर पुण्याला आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं विधिवत अर्पण झालं. कलकत्त्याहून का? कारण तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानला अँग्लिकन बिशप एकच, आणि नुकताच ऑस्ट्रेलियाही त्यांच्याच पदरात घातला होता! मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला १८३७ मध्ये. हेबरसाहेबांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय की चर्च ऐसपैस आणि सोयीचं आहे, पण बांधणीत रुची नाही, आणि बाहेरून मळकट निळा रंग फासून ते आणखीच कुरूप केलंय. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यानं इतकं खरं बोलावं हे मला फारच पुणेरी वाटतं. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात बुडून ते गेले.

सेंट मेरीजच्या आतल्या भिंती स्मृतिफलकांनी भरल्यात. सावकाश वाचा. लढाईत मेलेल्यांपेक्षा तापानं आणि कॉलऱ्यानं मेलेले जास्त सापडतील, आणि वयं विशी-पंचविशीतली.

आता गंमत अशी की गोऱ्या फौजेतले सगळे गोरे अँग्लिकन नव्हते. कंपनीच्या पलटणींत आयरिश भरपूर, आणि आयर्लंड कॅथलिक. आपल्याच सरकारचा धर्म वेगळा, आपला वेगळा. या शिपायांनी सेंट मेरीजमध्ये जायचं नाही, आणि पेठेच्या कडेला असलेलं, गोव्याच्या पाद्र्यांचं सिटी चर्चही त्यांचं नव्हे. म्हणून १८५० मध्ये सेंट पॅट्रिक्स उभं राहिलं. नावातच आयर्लंड आहे. पुढं तेच पुण्याच्या कॅथलिक बिशपांचं कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, झालं.

१८५८ मध्ये रेल्वे पुण्यात आली. गव्हर्नरसाहेब पावसाळा इथं काढू लागले, सरकारी माणसं वाढली, त्यांची पोरं वाढली. मग तीन वर्षांत तीन शाळा: १८६४ बिशप्स, १८६६ सेंट मेरीज, १८६७ सेंट व्हिन्सेंट्स. पहिल्या दोन अँग्लिकन, तिसरी जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाची. आज या शाळांच्या प्रवेशासाठी आईबाप जे काय करतात ते सर्वांना ठाऊकच आहे.

ज्यांना भर घालायची त्यांनी घाला. गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चबद्दल मुद्दाम काही लिहिलेलं नाही, जाणकार इथं आहेत.

चौकस_मावशी

छान धागा. एक बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. कॅथलिक म्हणजे पोपचे, एवढं कळतं. अँग्लिकन म्हणजे पोप नाही पण बिशप आहेत. मग आमच्या शेजारचे नगरकडचे ख्रिस्ती लोक "आमच्यात बिशप नव्हतेच" म्हणायचे, ते कोण?

वसईची_पोर

मावशी, हसण्यासारखं काही नाही, आमच्यातल्याही अर्ध्या लोकांना सांगता येत नाही.

चर्चचा कारभार कुणाच्या हातात, यावरून थोडक्यात असं. कॅथलिकांत पोप, त्यांनी नेमलेला बिशप, त्याच्या हाताखाली धर्मगुरू. अँग्लिकनांत पोप नाही, पण बिशप आणि त्यांची परंपरा आहे, म्हणून बिशप मानणारी चर्च. अमेरिकेत याच घराण्याला एपिस्कोपल चर्च म्हणतात. तिसरे स्कॉटिश मिशनवाले. त्यांच्यात बिशप नाही, वडीलधाऱ्यांची मंडळी कारभार बघते. जोतीराव फुले ज्या मिशन शाळेत शिकले ती यांची. चौथे अमेरिकन मराठी मिशन, नगरला १८३१ पासून. त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपापली मुखत्यार. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा या मंडळींत झाला, १८९५ ला. तुमचे शेजारी बहुतेक याच परंपरेतले.

पण हे "बिशप नव्हतेच" १९७० नंतर बदललं. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन (ते स्कॉटिशवाले), काँग्रिगेशनल (ते नगरवाले), बॅप्टिस्ट वगैरे एकत्र आले आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. तिच्यात बिशप ठेवले. त्यामुळं पुण्यातलं सेंट मेरीज आज अँग्लिकन म्हणून ओळखलं जात असलं तरी ते सीएनआयचं आहे. अमेरिकन मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, आणि त्यांच्यात बिशप आहेतच! तेव्हा फार नीटनेटका तक्ता करायला जाऊ नका, डोकं दुखेल.

चौकस_मावशी

दुखायला लागलंच आहे. पण कळलं. धन्यवाद बाळा.

दफ्तरी

नानापेठी, लेख उत्तम, पण "पेशव्यांनी जागा दिली" हे वाक्य आजकाल जरा जास्तच गोडीगुलाबीनं वापरलं जातं. त्याच घराण्यातल्या चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली. तिथली चर्च ओसाड पडली, घंटा विजयचिन्ह म्हणून वर घाटावर आल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी एकाएकी सर्वधर्मसमभाव सुचला असं नाही. १७९० च्या आसपास पुणे दरबाराला कवायती फौजेची निकड होती. महादजी शिंद्यांकडं द बॉइनची पलटणं तयार होती, संगमावर इंग्रजांचा वकील मॅलेट बसलेला. तोफा आणि बंदुका चालवणारा माणूस टिकवायचा तर त्याची सोय बघावी लागते. सोयीत देव येतो.

नानापेठी

दफ्तरी, राजकारण होतंच, नाही कुठं म्हटलं? पण नुसती सोय म्हणून सोडून देऊ नका. वसईच्या तहातसुद्धा ख्रिस्ती रयतेला धर्म पाळू देण्याची आणि काही चर्च त्यांच्याकडं राहू देण्याची कलमं होती. चाकरीतल्या माणसाला त्याच्या देवासकट ठेवून घ्यायचं, ही त्या काळच्या दरबारांची रीतच होती. गारद्यांच्या मशिदींना जागा मिळाली, तशी यांच्या चर्चला. इंग्रजांनी वेगळं काय केलं? त्यांनी स्वतःच्या फौजेसाठी स्वतःचं वेगळं गाव वसवलं आणि चर्च त्यात बांधलं. पेशव्यांच्या पुण्यात कॅथलिक शिपाई पेठेला लागून राहत होता. मला हा फरक मोठा वाटतो.

दफ्तरी

हे मान्य. "लागून" हा शब्द मात्र अधोरेखित करतो. पेठेत नव्हे, पेठेला लागून.

खडकीवाला

खडकी विसरलात राव! तिथं छावणी आणि १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना. गोऱ्यांसाठी ऑल सेंट्स होतं, आणि कारखान्यात, छावणीत कामाला आलेले तमिळ लोक कॅथलिक चर्चमध्ये. आमच्या लहानपणी सप्टेंबरात मरियेच्या सणाला तमिळ गाणी लाउडस्पीकरवर, केळीचे खांब, नऊ दिवस नुसती धमाल. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि चर्चच्या आवारात तमिळ शिव्या, असं आमचं शिक्षण झालं.

पंचहौदकर

बराच वेळ वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

नानापेठी, "कोण माणसं कधी आली" हे तुमचं सूत्र वाचायला छान आहे. त्यात आम्ही कुठं बसतो? आमची माणसं कुठून आली नाहीत. याच पेठांतली आणि आसपासच्या गावांतली. पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. गुरुवार पेठेत, जिला तेव्हा वेताळ पेठ म्हणत. ऑक्सफर्डजवळच्या काउलीहून आलेल्या अँग्लिकन संन्याशांनी ते बांधलं हे खरं. पण बाकांवर बसणारी माणसं मराठी. उपासना मराठी. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये चालायची, आमच्या पणजोबांच्या हातात तेव्हाही मराठी प्रार्थनापुस्तक होतं. "चर्च म्हणजे बाहेरून आलेल्यांचा मुक्काम" असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण वाचणारा तेच घेऊन जातो, आणि मग आम्हाला पिढ्यानपिढ्या विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे गुरुवार पेठेतले, साहेब.

इमारतीबद्दलही सांगतो. सेंट मेरीज किंवा सेंट पॉल्स बघितलंत तर कळतं की हे इंग्रजांनी इंग्रजांसाठी बांधलंय. सेंट पॉल्स तर पॅरिसच्या सेंट-शापेलच्या धर्तीवरचं म्हणतात. आमचं तसं नाही. बाहेर पेठेचा रस्ता, वाडे, दुकानं, आणि आत शिरलं की रोमन पद्धतीचं लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. घंटेचा मनोरा वेगळा उभा, चर्चला चिकटलेला नाही. आजूबाजूला शाळा, वसतिगृह, दवाखाना, सिस्टरांचं घर. इंग्लंडातल्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर १८७७ मध्येच पुण्यात आल्या होत्या. दुष्काळाची वर्षं होती ती. तुम्ही शिपायांची चर्च मोजलीत. हे शाळेचं आणि दवाखान्याचं चर्च आहे, आणि गावाच्या पोटात आहे. लागून नव्हे, आत.

दफ्तरी

+१. आणि गावाच्या पोटात असल्यामुळंच चहाचं प्रकरण घडलं ना! कॅम्पात कुणी कुणाकडं चहा घेतला असता तर कोण विचारतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १४ ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता पेला हातात घेतला, कुणी शेजारच्याच्या तोंडाकडं बघत बसले. पुढं 'पुणे वैभव' पत्रात हजर असलेल्यांची नावंच छापून आली. ही आग लावली गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी. त्या गृहस्थांच्या स्वभावाबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

मग ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला माणसं आली, वाद दोन वर्षं पुरला. टिळकांनी धर्मशास्त्राचे दाखले देत किल्ला लढवला आणि काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढं प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल खाल्ले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत यावर लिहिलंय, ते मुळातून वाचा. घरातल्या माणसांवर या भानगडीचं काय ओझं पडतं ते त्यात दिसतं.

इथं एक गोष्ट सुटते. सगळे जण टिळक-रानड्यांचं सांगतात. चहा देणाऱ्यांना काय वाटलं असेल? आपल्या घरचा पेला ओठाला लावला म्हणून पाहुण्याला शुद्ध व्हावं लागतं, हे त्या पेठेतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी रोज वाचलं असणार.

पंचहौदकर

दफ्तरी, हा शेवटचा परिच्छेद लिहिल्याबद्दल आभार. आमच्याकडं हे प्रकरण विनोदानं सांगतात. पण विनोद आम्ही केलेला बरा, दुसऱ्यांनी केला की टोचतो.

लेखणी_आणि_लाटणं

पुढच्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर १८९० मध्ये, पंडिता रमाबाईंनी शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणलं. म्हणजे वातावरण किती तापलेलं असेल विचार करा.

रमाबाईंचा धागाही याच मिशनशी जुळतो. १८८२ मध्ये त्या पुण्यात होत्या, वाँटेजच्या सिस्टरांशी ओळख इथं झाली. त्यांच्या मनावर ज्यांचा परिणाम झाला ते फादर नेहेम्या गोरे, मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८८३ मध्ये बाई इंग्लंडला वाँटेजला गेल्या आणि २९ सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण नंतर काय झालं ते मला जास्त भावतं. बिशपांनी आणि सिस्टरांनी सांगावं आणि आपण मान डोलवावी, हे त्यांना पटेना. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून जो वाद झालाय तो वाचण्यासारखा आहे. ब्राह्मण पुरोहितांची सत्ता झुगारून आले ती काय इंग्रज पुरोहितांची मानायला, असा एकूण सूर. मावशींनी वर विचारलं होतं ना, बिशप असण्या-नसण्यानं काय फरक पडतो? हा असा पडतो. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते कुठल्याही बिशपच्या हाताखाली नव्हतं.

चौकस_मावशी

आता कळलं! तक्त्यापेक्षा हे उदाहरण बरं.

कॅम्पातला_म्हातारा

माझ्याकडून थोडी भर. कॅथलिक पाद्र्यांत इंग्रज नव्हते, जर्मन होते. १८५० च्या दशकापासून मुंबई-पुण्याच्या मिशनमध्ये जर्मन बोलणारे जेझुइट आले. सेंट व्हिन्सेंट्स त्यांचीच. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पहिले बिशप बायडर-लिंडेन, जर्मन. दुसरे हाइनरिख डोरिंग, तेही जर्मन.

आणि मग १९१४. इंग्रजांच्या लष्करी छावणीत जर्मन पाद्री! कालपर्यंत ज्यांच्याकडं साहेबांची पोरं शिकत होती ते एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक. पुष्कळांना नगरच्या छावणीत डांबलं, पुढं १९१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजातून परत पाठवलं. शाळा, चर्च, नगर जिल्ह्यातली केंदळ-संगमनेरकडची मिशनं, सगळीकडं माणसांची ओढाताण.

डोरिंगसाहेबांची कथा तर कादंबरीत शोभेल. पुण्याचे बिशप, पण पुण्यात राहता येईना. १९२१ मध्ये रोमनं त्यांना धाडलं थेट जपानला, हिरोशिमाला. तिथं सहा वर्षं काढून १९२७ मध्ये परत पुण्याचे बिशप! आमचे वडील सांगायचे, म्हातारा जर्मन उच्चारात इंग्रजी बोलायचा आणि लोक ऐकून घ्यायचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी ते पायउतार झाले तेव्हा देश स्वतंत्र झाला होता, आणि त्यांच्यानंतर भारतीय बिशप आले.

वसईची_पोर

काका, हे भन्नाट आहे.

सिटी चर्च आणि सेंट पॅट्रिक्स वेगळी का, हे नानापेठींनी भाषा आणि वंशावरून सांगितलं. आणखी एक कारण आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपनं जुन्या काळी पूर्वेकडची चर्च चालवायचा हक्क दिला होता, तो पाद्रोआदो. पुढं पोर्तुगाल दुबळा झाला तेव्हा रोमनं आपली थेट माणसं पाठवायला सुरुवात केली, ती प्रोपगांडावाली. म्हणजे एकाच धर्माचे, एकाच पोपचे दोन कारभार, एकाच शहरात! गोव्याचे धर्मगुरू पहिल्या बाजूचे, कॅम्पातले दुसऱ्या. पुण्यात फार हमरीतुमरी झाल्याचं ऐकिवात नाही. मुंबईत मात्र कहर. १८५३ मध्ये माहीमच्या चर्चचा ताबा जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन आत कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर दुसऱ्या पक्षाचा वेढा. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला, त्यातूनच पुण्याचा नवा धर्मप्रांत निघाला. मुंबईतलं दुहेरी प्रकरण मिटायला १९२८ उजाडलं. आमच्या वसईत आजही म्हातारी माणसं कुणाचं चर्च कुठल्या बाजूचं होतं ते सांगतात.

कोट्टयम_ते_कोथरूड

माझं मराठी सांभाळून घ्या, तीस वर्षं इथं असलो तरी लिहिताना अडखळतो.

वसईच्या ताई म्हणतात दुहेरी कारभार मिटला. पुण्यात आज तिहेरी आहे, फक्त भांडण नाही! आम्ही सिरो-मलबार कॅथलिक. पोप तेच, पण उपासनेची पद्धत सिरियाक परंपरेतून आलेली, आणि बिशप वेगळे. १९८८ मध्ये कल्याणला आमचा धर्मप्रांत झाला, मुंबई-पुणे-नाशिक त्यात. केरळचेच सिरो-मलंकार कॅथलिक, त्यांचा धर्मप्रांत तर खडकीच्या नावानं आहे, २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याला पूर्ण दर्जा मिळाला. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत तीन कॅथलिक कुटुंबं असतील तर तिघांचे बिशप तीन असू शकतात.

आम्ही का आलो? आधी नर्सिंग आणि टायपिंग. मग पिंपरी-चिंचवडचे कारखाने. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, मागोमाग बाकीचे. मग आयटी. माझ्या पहिल्या वर्षी मल्याळम मिस्सेसाठी दोन बस बदलाव्या लागायच्या, तीही महिन्यातून एकदा, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाकं पाचवीच्या मुलांच्या मापाची, गुडघे टेकायचे कसे हाच प्रश्न. आता मुलगी वाकडमध्ये राहते, तिला निवड करता येते.

नानापेठी

कोट्टयमकर, तुमचं मराठी आमच्या अर्ध्या पेठेपेक्षा शुद्ध आहे.

पंचहौदकर, तुमच्या मुद्द्यावर विचार करून लिहितोय. सूत्रातली 'आलेली माणसं' तुम्हाला खटकली ते बरोबर, पण ती मी सोडणार नाही, वाढवतो. पुण्यात सगळेच आले. शनिवार-नारायणातली कोकणस्थ मंडळी बाळाजी विश्वनाथाच्या मागोमाग घाट चढून आली, त्यांना कुणी "मूळचे कुठले" विचारत नाही इतकंच. उलट पंचहौदची मंडळी मूळची इथली, नवा आला तो धर्म. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेले मराठी कॅथलिक आणखी तिसरेच. ते आले खरे, पण दुष्काळानं उठवलेल्या प्रत्येक मराठी शेतकरी कुटुंबासारखे आले. प्रश्न तुम्हालाच का विचारला जातो, हा खरा सवाल आहे आणि त्याचं उत्तर चर्चच्या इतिहासात नाही, विचारणाऱ्याच्या डोक्यात आहे.

पंचहौदकर

चालेल. एवढं कबूल केलंत तर चहाला या. प्रायश्चित्ताचं तुमचं तुम्ही बघा.

दफ्तरी

😂 यादी कुठल्या पेपरात छापायची ते ठरवा.

घंटावेडा

घंटांवर कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून. पंचहौदच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडात लफबराच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या, १८९० च्या दशकातल्या. साधी टांगलेली घंटा नव्हे. प्रत्येक घंटा चाकावर बसवलेली, दोरी ओढली की घंटा पूर्ण गोल फिरते. आठ माणसं आठ दोऱ्या धरून क्रम बदलत वाजवतात. पहिल्यांदा एक-दोन-तीन-चार, मग दोन-एक-चार-तीन, असं गणितासारखं. इंग्लंडात हे गावोगाव आहे, भारतात फारच थोड्या ठिकाणी. पेठेतल्या पोरांनी ही विद्या शिकून घेतली याचं मला फार कौतुक वाटतं. दोरीनं माणूस उचलला जातो, चेष्टा नाही.

खडकीवाला

उचलला जातो हे खरंय, मामाचा हात निखळला होता.

आयटीवाला_पाषाण

मस्त माहिती. मी आजपर्यंत कॅम्पातलं ते लाल विटांचं उंच मनोऱ्याचं चर्च समजत होतो, ते यात कुठंच आलं नाही?

कॅम्पातला_म्हातारा

ते चर्च नाही बाळा. ते लाल देऊळ. ज्यूंचं, डेव्हिड ससूननं बांधून घेतलेलं, १८६७ चं. मनोरा बघून सगळे फसतात.

आयटीवाला_पाषाण

अरे देवा. बरं, एका सकाळी काय काय बघून होईल? रविवारी येऊ का?

नानापेठी

सिटी चर्चपासून सुरू करा. तिथून सेंट मेरीज आणि सेंट पॅट्रिक्स कॅम्पाच्या बाजूला, मग उलटे फिरून पंचहौद. चालतच करा, गाडी लावायला जागा मिळायची नाही. रविवारी जायचं तर उपासना संपल्यावर, नाहीतर चालू मिस्सेत मोबाइल काढून फोटो घेत हिंडणाऱ्यांत तुमची गणना होईल. आधी ऑफिसात विचारून गेलात तर बहुतेक ठिकाणी कुणीतरी आपणहून दाखवायला येतं. सेंट मेरीज आठवड्यात कधी बंदही असतं.

पंचहौदकर

पंचहौदला आलात तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मनोऱ्यावर चढता येईल असं वचन देत नाही, घंटा वाजवणाऱ्यांच्या मर्जीवर आहे ते.

घंटावेडा

मीपण येतो. तारीख टाका.